भाडेकरूला संरक्षण देऊन बेघर कसं करावं

साथ आली आहे आणि 'घरातच राहा' असं लोकांना सरकार म्हणून तुम्हीच बजावलं आहे. त्यामुळे ज्यांचं भाडं थकलंय, त्यांचं घर टिकवण्याची जबाबदारीही ओघानं तुमच्याच गळ्यात आली. घाबरू नका. अमेरिकेनं २०२०-२१ मध्ये वाट पाडून ठेवली आहे.

घर रिकामं करून घ्यायला बंदी घाला, पण ती आपोआप लागू होऊ देऊ नका. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, सप्टेंबर २०२०च्या आदेशात भाडेकरूनंच स्वयंघोषणापत्र भरून मालकाच्या हाती द्यायचं होतं. असा काही कागद असतो हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला कसली बंदी? शिवाय ती थकलेल्या भाड्यापुरतीच ठेवा. कराराचं दुसरं कलम मोडलं म्हणून बाहेर काढायला मालक मोकळा हवा. करार बारीक अक्षरात असतो, शोधलं की कलम सापडतं.

भाडं माफ करायचं नाही, साचू द्यायचं. वर दंड, व्याज. बंदीला मुदतवाढ अगदी काठावर द्या. ३१ मार्च २०२१ला संपणारी मुदत त्यांनी २९ मार्चला वाढवली (दोन दिवस आधी, जरा घाईच झाली). जुलैअखेर ती संपूच दिली, ३ ऑगस्टला नवा आदेश काढला, आणि २६ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं तो अडवला.

पैसा मात्र सढळ हातानं मंजूर करा. तिकडे भाडेसाहाय्याला सुमारे ४६ अब्ज डॉलर होते. जुलै २०२१ अखेर जेमतेम ५ अब्ज वाटले गेले. इतकी कमी वाटणी सहज होत नाही, मेहनत लागते. रोजंदारीवाल्याकडे पगारपत्रक मागा. पोटभाडेकरूकडे त्याच्या नावाचा करार मागा. मोबाइलवर न उघडणारा अर्ज ठेवा. मालकाची सही सक्तीची करा, म्हणजे ज्याला भाडेकरू नकोच आहे, त्याच्याच हाती अर्ज अडकेल. स्वयंघोषणापत्र बंदीपुरतं चालतं; पैशांसाठी भाडेकरूच्या शब्दावर कसा विश्वास ठेवायचा?

घर रिकामं करून घेण्याच्या दाव्याची सुनावणी व्हिडिओवर घ्या. डेटा संपला की प्रतिवादी गैरहजर, निकाल एकतर्फी. दावा फेटाळला गेला तरी नोंद पुसू नका. पुढचा मालक नाव बघतो, निकाल वाचत बसत नाही.

मग भाडेकरू कुटुंबासह बहिणीच्या दोन खोल्यांत, आधीच्या पाच माणसांत, पथारी टाकेल. अशा दाटीवाटीतून रोग पसरतो म्हणूनच बंदी हवी, असं सीडीसीनं आदेशातच लिहिलं होतं. तेवढा परिच्छेद तुमच्याही आदेशात जसाच्या तसा घ्या, छान दिसतो.