आधी दोष शोधा, मग लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठा

‘डिस्प्ले येत नसेल तर आधी एसएमपीएस बदला’ हा संगणक दुरुस्तीवरच्या लेखातला सल्ला मला पटला नाही. एसएमपीएस म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग. मल्टीमीटरवर (व्होल्टेज मोजायच्या यंत्रावर) त्याची १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यान आहे का, एवढं तरी आधी बघा. मग हार्ड डिस्क आणि जास्तीच्या रॅम (मेमरीच्या पट्ट्या) काढून, एकाच रॅमवर मशीन चालू करा. रॅम अजिबात नसताना मशीनच्या आतल्या स्पीकरवर बीप वाजले, तर मदरबोर्ड आणि प्रोसेसर बहुधा शाबूत आहेत. मुंबईच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो; खोडरबराने हलक्या हाताने पुसून नीट बसवली की कित्येक मशीन सुरू होतात. एका वेळी एकच भाग बदला. कॉलेजच्या मुलांना विनाकारण नव्या एसएमपीएसचा भुर्दंड पडतो, याचं फार वाईट वाटतं.