न्यायमूर्ती हार्लन ‘जन्मापासून’ समतावादी नव्हते

कायद्याच्या विद्यार्थ्यांमध्ये एक मजकूर वारंवार फिरतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले जॉन मार्शल हार्लन जन्मापासून वर्णभेदाचे शत्रू होते, सगळ्या वंशांना त्यांनी एकाच मापाने मोजलं आणि ‘संविधानाला रंग दिसत नाही’ ही कल्पना त्यांचीच, असं त्यात म्हटलेलं असतं. हार्लन यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच हे खोडणं भाग आहे.

जन्मापासून? हार्लन १८३३ साली केंटकीत जन्मले, तेही गुलाम बाळगणाऱ्या घरात. वकिली करता करता १८५८ मध्ये काउंटी न्यायाधीश झाले. यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढले खरे, पण संघराज्य फुटू नये म्हणून. १८६४ च्या निवडणुकीत ते लिंकनच्या विरोधात, त्यांचे प्रतिस्पर्धी मॅक्लेलन यांच्या बाजूने होते आणि गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीलाही त्यांचा विरोध होता. पुढे ते लिंकनच्याच रिपब्लिकन पक्षात गेले. १८७१ मध्ये गव्हर्नरपदाच्या प्रचारात विरोधकांनी जुनी भाषणं उकरून काढली, तेव्हा त्यांनी सारवासारव केली नाही. सुसंगत म्हणवून घेण्यापेक्षा बरोबर म्हणवून घेणं मला आवडेल, असं त्यांनी सांगितलं. निवडणूक हरले. माणूस बदलला आणि ते चारचौघांत कबूल केलं, हे मला त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं धैर्य वाटतं. ‘जन्मापासून’ म्हटलं की नेमकं तेच पुसलं जातं.

एकाच मापाने म्हणाल, तर तेही नाही. १८९६ च्या प्लेसी खटल्यात, कृष्णवर्णीयांसाठीच्या रेल्वेच्या वेगळ्या डब्यांविरुद्ध, सात न्यायमूर्तींपुढे ते एकटे उभे राहिले, हे खरंच. पण त्याच विरोधी निकालपत्रात, चिनी लोक इतके वेगळे की आपण त्यांना नागरिक होऊ देत नाही, असंही त्यांनी लिहिलं. दोन वर्षांनी, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्कला न्यायालयाने नागरिक ठरवलं, तेव्हा हार्लन विरोधी मतात होते. जॉर्जियातल्या रिचमंड काउंटीने १८९७ मध्ये कृष्णवर्णीय मुलांचं हायस्कूल बंद केलं आणि गोऱ्यांसाठीचं माध्यमिक शिक्षण चालू ठेवलं. १८९९ मध्ये काउंटीच्या बाजूने लागलेला एकमताचा निकाल हार्लन यांनीच लिहिला.

राहिली ‘संविधानाला रंग दिसत नाही’ ही कल्पना. न्यायदेवता आंधळी दाखवतात, तर तिची लेक असलेल्या कायद्याला निदान रंग तरी दिसू नये, हा युक्तिवाद प्लेसीचे वकील अल्बियन टूरझे यांचा. तेही एकेकाळी नॉर्थ कॅरोलायनात न्यायाधीश होते. हा खटला त्यांनी फी न घेता लढवला.