‘तीन नावं बदला, ड्रायव्हर चालू’ : असं होत नाही

सांगली-कुपवाडच्या मेंटेनन्स ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. मशिनवरचं जॉब मोजणारं जुनं पीसीआय कार्ड (पीसीच्या स्लॉटमध्ये बसणारं) नव्या लिनक्सवर आणायचं तर ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सोर्समध्ये यातलं जे सापडेल ते बदला: सीएलआय() च्या जागी लोकल_आयआरक्यू_डिसेबल(), एसए_एसएचआयआरक्यू च्या जागी आयआरक्यूएफ_शेअर्ड, पीसीआय_एनेबल_एमएसआय() च्या जागी पीसीआय_अलॉक_आयआरक्यू_व्हेक्टर्स(). मेक मारा (म्हणजे कंपाइल करा), एरर आला नाही की काम फत्ते. इंटरप्टची (कार्डाने प्रोसेसरला मारलेल्या हाकेची) लाइन बंद पडलीच तर बूटला ‘आयआरक्यूपोल’ हा पर्याय द्या.

कार्ड भंगारात घालू नका, एवढा भाग बरोबर आहे. बाकीचं असं.

सगळ्यात महाग पडते ती पहिली अदलाबदल. जुना सीएलआय() सगळ्या कोअरवरचे इंटरप्ट एकदम थांबवायचा. २००२ मध्ये, २.५.२८ कर्नलला (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा), मल्टिप्रोसेसरसाठी तो काढून टाकला. लोकल_आयआरक्यू_डिसेबल() ज्या कोअरवर चालतो तिथलेच इंटरप्ट थांबवतो. नावातच ‘लोकल’ आहे. आता बघा. ॲप्लिकेशनने काउंट मागितला, रीड फंक्शनने ११८ वाचले. तेवढ्यात दुसऱ्या कोअरवर हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) चालला, त्याने ११९ केले. मग रीडने आकडा शून्यावर आणला. एक जॉब गेला. ना एरर, ना लॉग. शिफ्ट संपताना सुपरवायझरची वही आणि स्क्रीन जुळत नाही, आणि शिव्या सेन्सरला बसतात. एका कोअरच्या जुन्या पीसीवर हे कधीच दिसत नाही, त्यामुळे ‘आमच्याकडे तर चालतंय’ म्हणणारे खोटं बोलत नसतात.

खरा बदल असा: डिव्हाइसच्या स्ट्रक्चरमध्ये एक स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घाला आणि प्रोबमध्ये, म्हणजे कार्ड सापडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, हँडलरची नोंद करणाऱ्या रिक्वेस्ट_आयआरक्यू() च्या आधी तो इनिशियलाइज करा. रीडमध्ये स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह() (लॉकसोबत त्या कोअरचे इंटरप्टही थांबवतो), हँडलरमध्ये साधा स्पिन_लॉक(). लॉक हातात असताना काउंट लोकल व्हेरिएबलमध्ये उतरवा, मूळ आकडा शून्य करा, लॉक सोडा, आणि मगच आकडा ॲप्लिकेशनला देणारं कॉपी_टू_युजर(). ते लॉकच्या आत ठेवलं तर पेज फॉल्टला झोपायची वेळ येऊ शकते, आणि स्पिनलॉक धरून झोपता येत नाही. रीडमध्येही साधाच लॉक घेतलात, तर त्याच कोअरवर इंटरप्ट आल्यावर हँडलर लॉकची वाट बघत फिरत राहतो आणि लॉकवाला हँडलर संपायची वाट बघतो. ते कोअर तिथेच गोठलं.

दुसरी अदलाबदल नावापुरती खरी आहे. २००६ च्या २.६.१८ मध्ये एसए_ वाल्या नावांच्या जागी आयआरक्यूएफ_ वाली आली. पण लगेच २.६.१९ मध्ये हँडलरचा तिसरा पॅरामीटर, म्हणजे रजिस्टर्सचा पॉइंटर, काढला. आणि रिटर्न टाइप त्याआधीच व्हॉइडचा (काहीच परत न देणारा) आयआरक्यूरिटर्न_टी झाला होता. कंपायलर इथे अडवतो. मग कोणीतरी कास्ट मारून (टाइप जबरदस्तीने बदलून) त्याचं तोंड बंद करतं. हँडलर व्हॉइडच राहतो आणि कर्नलला मिळते रजिस्टरमध्ये पडलेली कसलीतरी किंमत. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ‘बोगस रिटर्न व्हॅल्यू’ दिसलं तर आधी हेच तपासा.

शेअर्ड लाइन म्हणजे सामायिक विहीर: एकाच लाइनवर अनेक कार्डं. हँडलरने आपल्या कार्डाचा स्टेटस रजिस्टर वाचायचा; बिट लागलेला नसेल तर आयआरक्यू_नन (‘माझा नाही’) परत द्यायचं, असेल तर तो क्लिअर करून आयआरक्यू_हँडल्ड (‘माझा होता’). कायम ‘नन’ म्हटलं तर १,००,००० पैकी ९९,९०० हून जास्त इंटरप्ट बेवारस निघाल्यावर कर्नल ‘नोबडी केअर्ड’ लिहून लाइनच बंद करतो, आणि त्याच लाइनवरचा यूएसबी कंट्रोलरही सोबत बसतो. कायम ‘हँडल्ड’ म्हणणं त्याहून वाईट, कारण मग कर्नलला संशयही येत नाही. आयआरक्यूपोलने दर टायमर इंटरप्टला कर्नल सगळ्या हँडलरांना विचारत हिंडतो. लाइन हलते, दोष जिथल्या तिथे. शिवाय शेअर्डमध्ये डेव्ह_आयडी (हँडलर कोणत्या कार्डाचा हे सांगणारा पॉइंटर) नल देऊन चालत नाही, सरळ ईइनव्हॅल (चुकीच्या पॅरामीटरचा एरर) येतो. सोर्समध्ये आयआरक्यूएफ_डिसेबल्ड दिसला तर पुसून टाका, ४.१ पासून तो शब्दच नाही.

तिसऱ्यात गंमत आहे. जुनं फंक्शन यशस्वी झालं की ० द्यायचं. नवं, जे ४.८ मध्ये आलं, मिळालेल्या व्हेक्टर्सची (इंटरप्टच्या वाटांची) संख्या देतं. म्हणजे ‘रिटर्न शून्य नसेल तर बाहेर पड’ ही जुनी ओळ तशीच ठेवली, तर सगळं नीट झालं म्हणूनच ड्रायव्हर लोड होत नाही. तपासणी ‘शून्यापेक्षा कमी’ अशी करा. किमान १, कमाल १ आणि पीसीआय_आयआरक्यू_ऑल_टाइप्स द्या, म्हणजे एमएसआय (लाइनऐवजी संदेशाने येणारा इंटरप्ट) नसलेलं जुनं कार्डही साध्या लाइनवर उतरतं. इंटरप्टचा नंबर स्ट्रक्चरमधून उचलू नका, पीसीआय_आयआरक्यू_व्हेक्टर() ला विचारा. कार्डाला मेमरीत लिहू देणारा पीसीआय_सेट_मास्टर() राहिला तर एमएसआय येतच नाही, कारण तो कार्डाने मेमरीत केलेला राइट असतो. ड्रायव्हर काढताना क्रम उलटा: आधी कार्डावरचे इंटरप्ट बंद, मग फ्री_आयआरक्यू(), मग पीसीआय_फ्री_आयआरक्यू_व्हेक्टर्स().

राहिला ‘एरर नाही म्हणजे झालं’. टेस्टचा कर्नल प्रूव्ह_लॉकिंग, डीबग_ॲटॉमिक_स्लीप आणि डीबग_एसएचआयआरक्यू या चुका पकडणाऱ्या सेटिंग्ज चालू करून बनवा. एसएमपी_ॲफिनिटीने इंटरप्ट एका कोअरवर बांधा, टास्कसेटने काउंट सतत वाचणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर. फंक्शन जनरेटरच्या बर्स्ट मोडमधून १ किलोहर्ट्झने ५०,००० पल्स सोडा आणि वाचलेल्या आकड्यांची बेरीज करा. ४९,९९७ आली तर सेन्सर उघडू नका, लॉक बघा.