खर्जापायी खर्च

पुण्यातल्या मुकुंदनगरहून सवाई गंधर्व महोत्सव ऐकून आलो आणि सवयीनं घरचा ब्लूटूथ डबा लावला. तानपुरा डासासारखा वाजला. तिथंच ठरलं, बुकशेल्फ स्पीकर घ्यायचे. आवड माझी, बजेट बायकोचं: १५ हजार.

भाच्यानं आधी बौद्धिक घेतलं. "मामा, पॅसिव्ह घेतलेस तर अ‍ॅम्प, म्हणजे आवाजाला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर, वेगळा घ्यावा लागेल." म्हणजे घोडा घेतला की टांगा आलाच. "आणि नुसत्या वॉटवर जाऊ नकोस. आवाज ३ डेसिबलनं वाढवायला पॉवर दुप्पट लागते." आमची पिढी पीएमपीओवर, म्हणजे क्षणभराच्या कमाल पॉवरच्या फुगवलेल्या आकड्यावर वाढलेली. वीतभर प्लास्टिकच्या डब्यावर हजार-हजार वॉट छापलेले असायचे. ते खरे असते तर टेपरेकॉर्डरवर आंघोळीचं पाणी तापलं असतं.

माझा निकष वेगळा होता. गवयाचा सूर काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी धरला, तर मधला सा साधारण १३८ हर्ट्झचा. तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार त्याच्या निम्मी, ६९. तिथवर उतरेल तो स्पीकर आपला.

बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत दुकानदारानं प्रत्येक जोडीवर एकच डेमो लावला: ढोल, काच फुटल्याचा आवाज, हेलिकॉप्टर. सगळ्याच जोड्या झकास वाजल्या. पण आमच्याकडे हेलिकॉप्टर फारसं ऐकत नाहीत. मी माझ्या मोबाईलवरून नुसता तानपुरा लावला. दुकान मिनिटभर गप्प.

"काका, गाणं अडकलंय वाटतं," पोऱ्या म्हणाला.

"हेच ऐकायचंय."

दुकानदारानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि चहा सांगितला. बुधवार पेठेत न मागता चहा येतो, तेव्हा आपला चेहरा बरा दिसत नसावा. ४ इंची पडद्याच्या जोडीत खर्ज आहे असं नुसतं मानून घ्यावं लागत होतं. ५ इंचीत तो सापडला. अ‍ॅम्प एका स्पीकरच्या आतच, दुसऱ्याला त्यातून वायर; १४,५०० रुपये.

घरी बुकशेल्फवरचे दिवाळी अंक पलंगाखाली ढकलून जागा केली, तेवढ्यात भाच्याचा फोन. "शेल्फवर नको हं! मागे पोर्ट आहे, हवेचं भोक; भिंतीला चिकटले की बास घुमतो."

"मग बुकशेल्फ म्हणायचं कशाला?" बायको म्हणाली. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

शेवटी दोन स्टुलं आली. ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा पडदा, कानाच्या उंचीला, दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण. तिसरा कोन नेमका आईच्या खुर्चीवर पडला. ती खुर्ची हलवायची हिंमत बाबांनीही कधी केली नव्हती.

त्यामुळे पहिला कान आईचा. "स्वच्छ आहे रे," ती म्हणाली, "पण गवई पोकळ का वाटतोय? आणि बसलाय कुठे तो?"

खर्ज गायब! १४,५०० रुपयांचा डास!

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी दिसलं, एका स्पीकरला लाल वायर काळ्यात आणि काळी लालमध्ये खोचली होती. अर्थात मीच. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव असेच नाहीसे होतात.

वायरी सरळ केल्या. आई देवळात गेलेली पाहून तिच्या खुर्चीत बसलो आणि नुसता तानपुरा लावला. खर्ज आला. फरशीतून तळपायात आला. मी डोळे मिटले.

"अहो," स्वयंपाकघरातून हाक आली, "फ्रिज फारच घुमायला लागलाय. दुरुस्तीवाल्याला फोन करा बरं."