तुमच्या घरातल्या पायाळूचं प्रमाणीकरण

तुमच्या घरात कुणी पायाळू असेल तर आजच जिनिव्हाला कळवा. आमच्या घरात आत्या आहे. सत्तरी ओलांडलेली, पायाकडून जन्मलेली. पंचक्रोशीत कुणाची कंबर धरली, उसण भरली की माणूस तिच्या ओसरीवर येऊन पालथा पडतो. आत्या भिंतीला हात टेकते, डाव्या टाचेनं कंबरेवरून तीनदा पाय फिरवते आणि "ऊठ" म्हणते. माणूस उठतो. कधी सरळ, कधी भिंत धरून. पन्नास वर्षं हे चाललंय आणि त्याला अजून एकही मानक क्रमांक नाही. हा गाफीलपणा आपल्याला नडणार आहे.

जिनिव्हाच का? कारण मानकं ठरवणारी आयएसओ तिथं, जागतिक आरोग्य संघटना तिथं आणि बौद्धिक संपदा सांभाळणारी वायपोही तिथंच. तहसील, पंचायत समिती आणि भूमी अभिलेख एकाच आवारात असावेत तशी सोय आहे. एका खेपेत तिन्ही कामं होतात, साहेब जागेवर असले तर.

पहिलं काम नावाचं. उपचार काय आहे ते नंतर बघू, तो काही पळून जात नाही. नावावरून भांडण लावा. २००९ मध्ये आयएसओत तांत्रिक समिती क्रमांक २४९ निघाली, सचिवालय शांघायला. चीनचं म्हणणं, समितीचं नाव 'पारंपरिक चिनी वैद्यक' ठेवा. कोरिया म्हणाला, मग आमचं कोरियन वैद्यक कुठं गेलं? जपान म्हणाला, आमचं काम्पो? सुया त्याच, मुळ्या बऱ्याचशा त्याच, अडलं सगळं पाटीवर. तात्पुरतं म्हणून लावलेलं नाव २०१५ पर्यंत तात्पुरतंच राहिलं आणि मग तेच कायम झालं. आपल्याकडं शाळेच्या पत्र्याच्या खोल्यांचं होतं तसंच.

तुम्ही 'मराठवाडी पादोपचार' असं नाव सुचवून बघा. लातूरकर म्हणतील, त्याला लातूर पॅटर्न म्हणा. विदर्भातून विचारणा येईल की आमच्याकडची लेकरं काय सगळी डोक्याकडून जन्मतात? आणि हैदराबादेतून पत्र येईल की १९४८ पर्यंत तुमचे पाय आमच्याच संस्थानात होते. घाबरू नका. भांडण लागलं म्हणजे प्रस्ताव दखलपात्र झाला.

प्रस्तावनेत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना जरूर आणा. सोलापूरचे, म्हणजे धाराशिवच्या शेजारचेच. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले, १९४२ मध्ये तिकडेच वारले. आता ते होते शल्यचिकित्सक, आणि ॲक्युपंक्चर भारतात आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बी. के. बसूंनी, १९५९ मध्ये, तेही कलकत्त्याला. पण हा तपशील परिशिष्टात ढकला. परिशिष्ट कुणी वाचत नाही.

मग जागा ठरवा. आत्या टाच नेमकी कुठं ठेवते? "जिथं दुखतंय तिथं," ती म्हणते. हे चालणार नाही. अंगावर सुया टोचायच्या जागा ३६१. चीन, जपान आणि कोरियाचे तज्ज्ञ त्यांवर बसले, तेव्हा त्यांतल्या ९२ जागांवर एकमत नसल्याचं कळलं. वर्षानुवर्षं बैठका झाल्या, २००६ मध्ये जपानच्या त्सुकुबाला समेट झाला, २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पुस्तक काढलं. तरी सहा जागा तशाच राहिल्या, दोन-दोन पर्याय लावून. शेकडो वर्षं लोक त्या ९२ जागी आपापल्या पद्धतीनं टोचत होते, आणि ज्याला त्याला आपल्याच जागेनं गुण येत होता. याचा अर्थ काय निघतो, हा प्रश्न बैठकीत विचारू नका. जेवण मिळणार नाही.

खरी गंमत मापाची आहे आणि इथं मी जरा रेंगाळणार. सुईवाल्यांचं माप म्हणजे 'त्सुन'. एक त्सुन म्हणजे अंगठ्याची रुंदी, तीन त्सुन म्हणजे चार बोटं. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला चार बोटांवर त्यांची एक फार नावाजलेली जागा आहे. पण बोटं कुणाची? टोचणाऱ्याची नाही, दुखणाऱ्याची. पैलवानाचा त्सुन वेगळा, लेकराचा वेगळा. आपल्या आयुर्वेदातही तेच, शरीर मोजायचं ते ज्याचं त्याच्या अंगुळांनी. म्हणजे ज्याचं दुखणं, त्याचीच पट्टी. मानकवाल्यांच्या पोटात गोळा आणणारी ही गोष्ट आहे, कारण पट्टी एकच आणि माणसं अनेक, यावर त्यांचं दुकान चालतं. आमच्या आजीचाही सगळा दवाखाना चिमूट, मूठ आणि ओंजळीवर चालायचा. तिच्या चिमटीत किती मिलिग्रॅम ओवा बसायचा हे तिनं कुठं लिहून ठेवलं नाही. गेली, आणि चिमूटही घेऊन गेली.

सगळीच मानकं टाकाऊ नसतात, हे मात्र उपरोध बाजूला ठेवून सांगतो. २०१४ चं आयएसओ १७२१८ हे एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुईचं मानक. वाचायला अत्यंत कंटाळवाणं आणि म्हणूनच कामाचं. आमच्याकडं भेगाळलेल्या टाचेला बिब्बा लावायचा तर तो सुईला टोचून दिव्यावर धरायचे, चर्र आवाज झाला की काळं तेल भेगेत सोडायचे. सुई गोधडीचीच. काम झालं की पदराला पुसून परत गोधडीत. त्या सुईवर कुणीतरी जिनिव्हाहून ओरडायलाच हवं होतं. आणि तान्ह्या लेकराच्या पोटावर डाग देणाऱ्यांना कुठलं मानक देऊ नका. त्यांच्या हातातला विळा काढून घ्या आणि लेकराला दवाखान्यात न्या.

असो. आता संरक्षण. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं, कशाचं तर जखमेवर हळद लावण्याचं. आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख होते, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करवलं. पण कशाच्या जोरावर? घराघरांत हळद भरलेले गुडघे दाखवून नाही. जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढं ठेवले तेव्हा. कडुनिंबाचंही तसंच, युरोपातलं पेटंट २००० मध्ये रद्द झालं आणि अपिलासकट निकाल लागायला २००५ उजाडलं. तेव्हा यापुढं लेकराच्या गुडघ्याला हळद लावाल तर आधी तारीख टाका, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि मगच रडू द्या.

पुढं असा ताप नको म्हणून २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं. पोथ्यांमधले पाठ इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत नेले. काम चांगलं आहे, म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयात बसलेल्या तपासनिसाला आता आपला काढा वाचता येतो. आत्याला येत नाही, पण तिला तो करता येतो. आणि जे पोथीत नव्हतंच, नुसतं टाचेत होतं, ते कुठं शोधायचं?

त्यासाठी गावपातळीवर सोय आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावागावात समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आली. झाडं, मुळ्या, वैदूंची माहिती त्यात टिपायची. आमच्या गावची नोंदवही मी स्वतः उघडून पाहिली. कपाटाची किल्ली मिळायला तीन चकरा झाल्या. भरणाऱ्यानं ती आमच्या गावात न येताच भरली असावी, कारण 'स्थानिक मासे' या रकान्यात सुरमई आहे. आमच्या ओढ्याला पोळ्यानंतर पाणी नसतं. नारळाची झाडं १४० दाखवलीत, आहेत दोन, देवळापुढं. 'पारंपरिक जाणकार' या रकान्यात 'निरंक'. म्हणजे आत्या कायद्यानं अस्तित्वात नाही आणि सुरमई आहे. उद्या सुरमईच्या ज्ञानाचं पेटंट कुणी घेतलं तर गाव लढायला खंबीर आहे.

एवढ्यानं खचू नका. जवळजवळ पाव शतक बोलणी करून वायपोनं मे २०२४ मध्ये करार केला, की पेटंट मागणाऱ्यानं हे ज्ञान कोणत्या लोकांकडून घेतलं ते सांगावं. नाही सांगितलं तर? तेवढ्यावरून पेटंट रद्द करायचं नाही, लबाडीचा हेतू असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडं बांध कोरणाऱ्याला यापेक्षा कडक बोलतात. शिवाय लाभात वाटा द्यायचा, तर आत्या पैसे घेत नाही. पैसे घेतले की गुण जातो म्हणे. रकाना मोकळा सोडू नका. 'एक नारळ, ऐच्छिक' असं लिहा आणि तो नारळ नोंदवहीतल्या १४० झाडांपैकी एकाचा दाखवा.

शेवटी आजाराला कोड घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगांच्या यादीत सव्विसावं प्रकरण पारंपरिक वैद्यकाचं आहे. आधी चीन, जपान, कोरियाकडचे विकार आले, जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीचेही जाहीर झाले. हे कोड ऐच्छिक आहेत आणि मृत्यूचं कारण नोंदवायला वापरायचे नाहीत. थोडक्यात, या प्रकरणात तुम्हाला आजारी पडता येतं, मरता येत नाही. एवढी गॅरंटी तर आमच्या बाजारातला वैदूसुद्धा देत नाही.

हा सगळा मसुदा मी तयार केला, चाळीस पानं. 'जोखीम' या सदरात पायाळूवर वीज पडते हेसुद्धा घातलं, ढग आले की आत्याला दाराबाहेर येऊ देत नाहीत म्हणून. फायलींचा गठ्ठा उचलायला वाकलो आणि कंबरेत उसण भरली.

आत्याच्या ओसरीवर पालथा पडलो. तिनं भिंतीला हात टेकला, टाच फिरवली. उसण दोन दिवसांनी उतरली. आत्या म्हणाली, पायानं उतरली. डॉक्टर म्हणाले, तशीही दोन-तीन दिवसांत उतरतेच. दोन्ही वाक्यं मी मसुद्यातून गाळली.

पण त्या दिवशी पालथ्या पालथ्याच संमतीपत्र पुढं केलं. तिनं शाईत अंगठा बुडवून टेकवला. मी खिशातली पट्टी काढून त्या ठशाची रुंदी मोजायला लागलो, एक त्सुन किती होतो ते एकदाचं नक्की व्हावं म्हणून.

"काय मापायलास रे?"

"अंगठा, आत्या."

"दुखायलंय तुला, अन् मापायलास माझा अंगठा?" ती म्हणाली. "सरळ पड उलसा."