नशीब म्हणू नका, साक्ष म्हणा

ख्रिस्ती माणसानं 'नशीब' हा शब्द तोंडातून काढायचा नसतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर गेल्या रविवारी आमच्या उपासनेला यायला हवं होतं. एका बंधूंनी साक्ष दिली, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. बंडगार्डनचा पूल, पहिला पाऊस, रस्त्यावर सांडलेलं डिझेल. "मी सहीसलामत निघालो आणि मागचा स्कूटरवाला धाडकन पडला. प्रभूनं मला राखलं!" अख्खी मंडळी म्हणाली, हालेलुया. तिसऱ्या बाकावर प्लास्टरमधला डावा हात गळ्यात अडकवून मीही म्हणालो. मागचा तो मीच.

तेव्हापासून घरी बसून या विषयाचा अभ्यास चालू आहे. तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे शब्द बदला. लक्ष्मी रोडला गाडी लावायला जागा 'नशिबानं' मिळत नाही, प्रभू देतो. तुमच्या आधी वीस मिनिटं तिथंच घिरट्या घालणारा विश्वासणाराही हीच प्रार्थना करत होता, पण त्याचा विचार करायचा नाही. संत ऑगस्टीननं म्हातारपणी, ४२७ च्या सुमारास, आपल्याच जुन्या पुस्तकांची झाडाझडती घेतली, तेव्हा तरुणपणी आपण 'फॉर्च्युना' (लॅटिनमधलं नशीब) हा शब्द फार वापरला याची त्याला खंत वाटली. बिचाऱ्याला माईक मिळाला असता तर निभावून नेलं असतं.

लॉटरीचं तिकीट काढू नका. लागलंच तर दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, देवाला द्या.

कापणीच्या सणाला आवारात हाऊजी, म्हणजे पैसे लावून आकड्यांचा खेळ, असते, ती जुगारात धरत नाहीत. पैसा छपराच्या दुरुस्तीला जातो. ३१ डिसेंबरच्या रात्री ताटातून बायबलच्या वचनाचं कार्ड उचलणं हेही नशीब आजमावणं नव्हे. नको ते वचन आलं तर हळूच परत ठेवून दुसरं घ्यावं. एका काकूंना तिसऱ्यांदा ताटात हात घालताना मी स्वतः पाहिलंय. येशूच्या प्रेषितांनीही यहूदाच्या जागी चिठ्ठ्या टाकून मत्थियाला निवडलं होतं, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. पुढच्याच अध्यायात पवित्र आत्मा आला आणि त्यानंतर अख्ख्या नव्या करारात निवडीसाठी कुणी चिठ्ठी टाकत नाही, एवढं मात्र बोलायचं नाही.

वचनं पाठ करताना निवडून करा. नीतिसूत्रे १६:३३ फार सोयीचं: चिठ्ठी पदरात पडते, निर्णय परमेश्वराचा. उपदेशक ९:११ मात्र टाळा. शर्यत वेगवानच जिंकतो असं नाही, वेळ आणि प्रसंग सगळ्यांनाच गाठतात, असलं काही वाचून मंडळी गोंधळते. बायबलमधली रूथ शेतातली कणसं वेचायला निघाली आणि नेमकी बवाजाच्या, म्हणजे पुढं तिच्याशी लग्न करणाऱ्याच्या, शेतात पोचली, तिथंही पुस्तक 'तसं घडलं' एवढंच म्हणतं. आणि चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात, वाटेत जखमी पडलेल्याला बघून पुढं निघून जाणारा तो याजक त्या वाटेनं योगायोगानं चालला होता, हे तर खुद्द येशू सांगतो. त्याला आपल्यासारखी साक्ष द्यायची सवय नसावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं: दुसरा पडला की कारण तुम्हीच सांगा. माझ्याकडे आठवडाभर लोक येऊन सांगून गेले. "प्रभूला काहीतरी शिकवायचं असेल, भाऊ." "दशांश नियमित जातो ना?" "त्या दिवशी सकाळची प्रार्थना राहिली होती का?" अहो, मी प्रार्थनासभेलाच निघालो होतो! पुढचे बंधूही तिथंच निघाले होते! पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पडतो, मत्तय ५:४५. डिझेलही. आमच्या दोघांत फरक होता तो टायरचा. त्यांचे नवे, माझे गुळगुळीत, आणि ते 'पुढच्या महिन्यात बदलू' म्हणत राहिलो ही चूक माझी. त्यात पाप शोधायला तुम्हाला कुणी बोलावलं?

शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली. ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती का? येशूनं स्वतःच प्रश्न केला आणि स्वतःच नाही म्हणून सांगितलं, लूक १३. वर म्हणाला, पश्चात्ताप तुम्ही करा. हे कुणाला म्हणाला? मेलेल्यांना नव्हे. आणि सगळं काही गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र! सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच काय ते चांगलं केलं. तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर.

सगळं देवाच्या हातात आहे, हे मीही मानतो. मध्ययुगातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस म्हणतो, धन्यानं दोन नोकर एकाच जागी पाठवले तर त्यांची गाठ पडणं हा त्यांच्या दृष्टीनं योगायोग, धन्याच्या दृष्टीनं नव्हे. पटतं मला. पण धन्याच्या मनात काय होतं, हे एका नोकरानं उठून माईकवरून दुसऱ्याला सांगावं, असं थॉमसनं लिहिलेलं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं? आणि तुम्हाला राखलं, तर मला काय ढकललं?

असो. हाताला अजून चार आठवडे आहेत. भेटायला येणार असाल तर जरूर या. येताना अर्धा लिटर दूध आणा, आणि प्रार्थनेला बसण्याआधी तेवढा सिलेंडर बदलून द्या. एका हातानं रेग्युलेटर बसत नाही.