पेशंट कुठंय?

मेडिकलवाल्याने चिठ्ठी उजेडाकडे धरली, मागून पाहिली, पुन्हा पुढून पाहिली आणि विचारलं, "मुलाचं वय काय?"

"मुलाची नाही. माझी चिठ्ठी आहे."

"ते झालं हो, औषध तुम्ही न्यायला आलात. पण पेशंट कुठंय?"

"पेशंट मीच."

त्याने चिठ्ठीवरचं वय वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आतल्या पोऱ्याला हाळी दिली, "अरे, ती मिथाइलफेनिडेट आहे का बघ रे कुलपातली! हां, तीच, चंचल मुलांची!"

आता दुकानात कुणालाच काही विचारायची गरज उरली नव्हती. तरी इसबगोलचा डबा पोटाशी धरून उभ्या असलेल्या काकांनी विचारलंच.

"चंचल मुलांची? आमच्या नातवाला तेच निघालंय. एडीएचडी. लक्ष टिकत नाही, एका जागी बसत नाही. तुमचा कितवीत आहे?"

"काका, माझ्या मुलाला नाही. मलाच आहे."

"तुम्हाला?" काकांनी डबा काउंटरवर ठेवला, म्हणजे ते आता लवकर हलणार नव्हते. "तुम्हाला कसं काय? लागण होते का याची? मुलाकडून आलं?"

खरं तर दिशा सोडली तर काका सत्याच्या बरेच जवळ होते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत या प्रकाराची आनुवंशिकता ७० ते ८० टक्क्यांच्या घरात निघते. तो मुलाकडून आईकडे चढत नाही, वरून खाली उतरतो. होतं मात्र असं की आधी मुलाचं निदान होतं, आई त्याच्या फाइलमधली प्रश्नावली भरायला बसते, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला तिचं पेन थांबतं. कितीतरी बायकांना आपला पत्ता मुलाच्या फाइलमध्येच लागतो. हे सगळं काकांना सांगावं असं वाटलं, पण ते पुढे गेले होते.

"आमची आई. नऊ बाळंतपणं, विहिरीचं पाणी, चुलीचा स्वयंपाक. तिला लक्ष नसायला वेळ तरी होता का? हे सगळं मोबाइलमुळे. रात्री सात बदाम भिजत घाला. सातच. आठ घातले की उष्ण पडतात."

"बरं."

"स्वयंपाक करता का तुम्ही?"

"करते."

"मीठ दोनदा पडतं?"

"कधी कधी."

"आणि गॅसवर दूध ठेवून निघून जाता?"

आता दुकानदारही हातातलं बिल ठेवून ऐकत होता. डॉक्टरांची मुलाखत दीड तास चालली होती. काकांनी पाच मिनिटांत बरीच मजल मारली होती.

"आमच्या हिचं असंच आहे," काका एकदम गंभीर झाले. "चाळीस वर्षं बघतोय. चष्मा डोक्यावर, शोध घरभर. बोलता बोलता दुसऱ्याच विषयावर. तिलाही एकदा दाखवू का?"

मी म्हटलं, "जरूर दाखवा."

काकांनी क्षणभर विचार केला आणि डबा उचलला. "नको. तिला काही निघालं तर सगळं माझ्यावर यायचं."

बायकांचं निदान उशिरा का होतं, यावर भरपूर संशोधन झालंय. काकांनी ते एका ओळीत आटपलं आणि सुटे पैसे घेऊन गेले.

ज्याच्यावर हे निदान बेतलंय तो प्राणी म्हणजे बाकांवरून उड्या मारणारा आठ वर्षांचा मुलगा. त्याच्यामुळे वर्ग चालत नाही, म्हणून बाई चिठ्ठी पाठवतात, म्हणून आईबाप डॉक्टर गाठतात. तिसऱ्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसलेल्या मुलीचा कुणाला काडीचा त्रास नसतो. तिच्या प्रगतिपुस्तकात 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' एवढा शेरा येतो आणि खाली पालकांची सही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीने १९८० साली उड्या न मारणाऱ्यांनाही जागा दिली. पण लक्षणं सात वर्षांच्या आतली असावीत, ही अट २०१३ पर्यंत होती. त्या वर्षी ती बारावर आली, आणि सतरा वर्षांपुढच्यांना नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणं पुरतील असं ठरलं. लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, म्हणजे घरीही आणि कामावरही. नुसतं सासरी लक्ष लागत नसेल तर ते धरत नाहीत.

'बारा वर्षांच्या आत' या अटीमुळे चाळिशीतल्या बाईला साक्षीदार हजर करावा लागतो. साक्षीदार बहुधा आई. आणि आई डॉक्टरांना छातीठोक सांगते, "छे हो! हिची एक वस्तू कधी हरवली नाही. दप्तर मी भरायचे, डब्यावर नाव मी घालायचे, गृहपाठाला शेजारी मी बसायचे." डॉक्टर अनुभवी असले तर याच उत्तराखाली रेघ मारतात. नसले तर 'बालपण सामान्य' लिहून मोकळे होतात. म्हणून आईला फोनवर घ्यायच्या आधी तिला नेमके प्रश्न सांगून ठेवावेत: 'लक्ष होतं का' असं विचारूच नये, शाळेत डबा पोचवायला किती वेळा जावं लागलं, कंपासपेटी वर्षात किती घेतल्या, एका जागी बसून जेवायची का, हे विचारावं. प्रगतिपुस्तकं सापडली तर शेऱ्यांच्या पानांचे फोटो काढावेत. टक्क्यांचं पान डॉक्टरांची दिशाभूल करतं. आणि जिच्याकडे तिसरी ते सातवीची सगळी प्रगतिपुस्तकं ओळीने लावलेली सापडतील तिला हा आजार असेल का, ही शंका मलाही येते.

इंटरनेटवर मिळणारी सहा प्रश्नांची चाचणी खरीच आहे, जागतिक आरोग्य संघटनेची. सहापैकी चार उत्तरं गडद चौकटीत पडली की पुढे तपासून घ्यावं, एवढाच तिचा अर्थ. निदान होतं ते मुलाखतीतून. त्यासाठी मेंदूचा रंगीत नकाशा काढावा लागत नाही, ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेखही लागत नाही; हजारो रुपयांचं 'ब्रेन मॅपिंग पॅकेज' कुणी पुढे केलं तर पर्स बंद करून उठावं. रक्ताच्या तपासण्या मात्र कराव्यात: थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. आपल्याकडच्या निम्म्या बायका रक्तक्षयावरच चालतात, आणि अंगात रक्त नसलेल्या बाईचंही लक्ष लागत नाही. झोप, चिंता, नैराश्य, पाळी जायच्या आसपासचे दिवस, सगळं डॉक्टरांनी विचारायला हवं. 'मुलं लहान आहेत, होतं असं' म्हणून चार मिनिटांत बाहेर काढलं तर दुसरा डॉक्टर बघावा. गोळी लिहून देतो मानसोपचारतज्ज्ञ. समुपदेशकाला ते करता येत नाही, हे फी भरायच्या आधी कळलेलं बरं.

आणि दवाखान्यातला तो फॉर्म! मोठ्यांचा वेगळा फॉर्म कित्येक ठिकाणी नसतोच. मग इयत्ता, तुकडी, बाळ रांगायला कधी लागलं, शी-शू कधी सांगू लागलं. खाली 'आईची सही'. यातला विनोद मला पहिल्यांदाच संपल्यासारखा वाटला. ही सगळी व्यवस्था एक आई गृहीत धरून चालते. अपॉइंटमेंट तिने लक्षात ठेवायची, फाइल तिने सांभाळायची, गोळी तिने द्यायची. पेशंटच आई असली की ते काम कुणी करायचं, ती ओळ फॉर्मवर छापलेली नाही.

गोळी मिळणं ही त्यापुढची परीक्षा. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात. त्यातली एक दुकानदार ठेवून घेतो आणि त्याने ती दोन वर्षं सांभाळायची असते. औषध कुलपात ठेवायचं, आणि त्याचा परवाना वेगळा, म्हणून बहुतेक दुकानं त्या भानगडीत पडत नाहीत. दवाखान्यातून उठायच्या आधी दोन्ही प्रती हातात आहेत ना, त्यावर नाव, पत्ता, तारीख, सही आहे ना, हे बघून घ्यावं, आणि कुठल्या दुकानात मिळेल ते डॉक्टरांनाच विचारावं. पत्ता राहिला तर सरळ परत पाठवतात. याच आजारावरच्या दुसऱ्या औषधाला, म्हणजे अ‍ॅटोमॉक्सेटिनला हा सोहळा नाही, पण त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि उपाशीपोटी घेतलं तर मळमळतं. दोन्हींसाठी रक्तदाब आणि नाडी बघत राहावी लागते.

गोळी लागू पडली तर पडते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेळेबद्दल आहे. साधी गोळी तीन-चार तास चालते, लांब पल्ल्याची घेतली तर आठ ते बारा. सकाळी नाश्त्यानंतर घेतली की दिवसभराचं उत्तम लक्ष ऑफिसला मिळतं. संध्याकाळी गृहपाठ, कुकर, उद्याच्या डब्याची भाजी आणि सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या एकदम समोर येतात, तोवर लांब पल्ल्याचीही उतरत आलेली असते. उशिरा दुसरी घ्यावी तर रात्रभर टक्क जाग. हा संध्याकाळचा हिशोब डॉक्टरांना आपणहून सांगावा लागतो, कारण बहुतेक जण शाळेची वेळ धरून डोस बसवतात. सांगितलं तर दुपारी एक छोटा डोस देता येतो. तो झोप बघून, बहुधा चारच्या आत. त्यासाठी मोबाइलवर साडेतीनचा गजर लावायचा. बरोबर साडेतीनला शाळेची व्हॅन येते.